दारातली बाई कोणी पास केली?

सन्माननीय अध्यक्ष महोदया, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या कलाविभागाचे एकेकाळचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘चीफ’ म्हणत आलो ते चीफ. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले, त्या तबकडीवर गिटार वाजवणारे आणि आज गुडघ्याला पट्टा बांधून बसलेले वादक. कंपनीचे नवे संचालक. छपाई, कापणी आणि गोदामातले माझे जुने सोबती. आणि मागच्या रांगांत मान खाली घालून फोनमध्ये डोकावणारे तरुण मित्रमैत्रिणींनो,

निवेदिकाबाईंनी मला ‘कंपनीचा आधारस्तंभ’ म्हटलं. मी खांब नव्हते हो. मी डाग काढायचे. फोटोवर धूळ बसली, गायिकेच्या गालावर फोड आला, चकचकीत गिटारीवर कोणाची बोटं उमटली, की तो फोटो माझ्या टेबलावर यायचा आणि मी बारीक ब्रशने ते सगळं नाहीसं करायचे. पस्तीस वर्षं. त्यात मान गेली, डोळे गेले आणि लोकांकडे बघताना आधी त्यांचे डाग दिसायची सवय लागली. ही शेवटची तक्रार माझ्या सुनेची आहे, माझी नाही.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. अशा समारंभांत मी इतकी बसले आहे की हारातली फुलं कोणत्या दुकानातून आली तेही आता ओळखता येतं. खरं सांगायचं तर आज यायचा कंटाळा आला होता. पाय दुखतात, या सभागृहात लिफ्ट बंद आहे, आणि चीफची स्तुती मी एवढ्या वेळा ऐकली आहे की मध्येच कोणाचा शब्द अडला तर मी पुढचा सांगू शकेन. पण पत्रिकेवर शेवटची ओळ वाचली. ‘तबकडीच्या पन्नासाव्या वर्षाच्या नव्या आवृत्तीच्या कव्हरच्या पहिल्या छापील नमुन्यावर चीफ स्वहस्ते सही करतील आणि सोमवारी छपाई सुरू होईल.’ म्हटलं, ती सही व्हायच्या आत पोचायला हवं. रिक्षा केली आणि आले.

तो नमुना इथेच, माझ्या डावीकडे, स्टँडवर लावलाय. जुन्या मंडळींना तो डोळे मिटूनही दिसेल. तरुणांसाठी सांगते. एक रिकामी खोली. चार खुर्च्या, त्यांतली एक उलटी पडलेली. जमिनीवर वायरींचा गुंता. गाणारे निघून गेलेत. मागे एक उघडं दार, आणि त्या दारात, नीट बघितलं तरच दिसेल अशी, पुढे वाकून हात पुढे केलेली एक बाई. करड्या रंगाची, जवळजवळ नाहीच अशी.

या बाईवर किती लिहिलं गेलंय, मोजायला नको. कोणी तिला मृत्यू म्हणतं, कोणी प्रेरणा. माझ्या भाच्याने डिझाइनचं शिक्षण घेतलंय. त्याने एकदा आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून मला अर्धा तास समजावलं की ती बाई म्हणजे आपलं दडपलेलं मन. मी चहा गाळत होते. म्हटलं, दडपलेल्या मनाला साखर किती?

आणि नव्या आवृत्तीच्या आतल्या पानावर काय छापणार आहेत, ते कलाविभागातल्या नव्या मुलीने मला गेल्या महिन्यात वाचायला पाठवलं. तिचा हेतू चांगला होता. जुनी माणसं विचारून घ्यावीत, एवढी समज तिला आहे. त्यात लिहिलंय, ‘दारातली स्त्री कलादिग्दर्शकांना तापात पडलेल्या स्वप्नात दिसली.’

चीफ, ताप खरा होता. मी स्वतः तुमच्या घरी औषधाची चिठ्ठी पोचवली होती. स्वप्नाचं काय?

नाही, उत्तर नको. पाणी घ्या. मी सांगते.

मला कंपनीत लागून सहा आठवडे झाले होते. तेवीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटात शिकलेली, त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या होत्या. पाठ ताठ ठेवायची, आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी तसं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. पहिल्या गोष्टीने माझी कंबर वाचवली. दुसरीने काय केलं ते ऐका.

चीफनी पुढचं चित्र कोणालाच दाखवलं नव्हतं. त्यांची ती सवयच होती. मी फक्त मागच्या बाजूची अक्षरं लिहिली होती. छपाईच्या दिवशी ते तापाने फणफणले आणि निरोप आला की नव्या मुलीला छापखान्यात पाठवा, कागद पास करून येईल.

तरुणांना पास करणं म्हणजे काय ते सांगावं लागेल. मशीन चालू केल्या केल्या चांगला कागद घालत नसत. शाई कमीजास्त होते, रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. म्हणून आधी रद्दी घालायची, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी कामाचे वाया गेलेले, एकदा छापलेले कागद. त्यांच्यावरच नवं काम छापून बघायचं. शाई जुळली की कोरे कागद घालायचे. मग त्यातला एक चांगला कागद काढून आमच्यासारख्यांपुढे ठेवायचे. आम्ही सही केली की तो पासचा कागद. तो मशीनपाशी टांगायचा आणि पुढचे सगळे कागद हुबेहूब त्याच्यासारखे काढायचे. त्या कागदापुढे मालकाचंही चालत नसे.

मशीनवर जे होते त्यांना सगळे ‘भिंगवाले काका’ म्हणत. वय असेल तेव्हा चौतीस, पण खिशात कायम ते छोटं पितळी भिंग आणि बोलणं मोजकं, म्हणून काका. त्यांनी मला स्टूल दिलं आणि म्हणाले, बसा, कोरे कागद आता येतील. मला बसवत नव्हतं. सगळे मशीनवाले माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं. खरं तर कोणीही बघत नव्हतं, त्यांना कामं होती. मी उठले, छापून पडलेल्या गठ्ठ्यातून वरचाच एक कागद ओढला, खिडकीच्या उजेडात धरला. रंग सुरेख होते. दारात एक बाई होती. मी खाली सही ठोकली. वेळ घातली, अकरा वीस.

काकांनी कागद बघितला. मग भिंगातून बघितला. मग मला विचारलं,

“बाई, ही दारातली पण हवी?”

आता बघा. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की काका, मला माहीत नाही, चीफना विचारते. फोन तिथेच भिंतीवर होता. पण एका मशीनवाल्यापुढे, तेही सहा आठवड्यांची नोकरी असताना, ‘मला माहीत नाही’ म्हणायचं? मी म्हटलं,

“पास म्हणजे पास. जशी आहे तशी.”

ते “बरं” म्हणाले.

ती बाई कोण होती? मुलांच्या टॉनिकच्या डब्यावरची आई. आदल्या आठवड्यात त्याच मशीनवर ते डबे छापले होते, त्यांची रद्दी घातली होती. शाई संपत आली असताना निघालेला कागद, म्हणून ती इतकी फिकट. तिचा पुढे आलेला हात बघून लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या हातात चमचा आहे. चमचा नेमका उलट्या खुर्चीच्या सावलीत गेला, म्हणून दिसत नाही.

हसा. मीही खूप वर्षं हसायचा प्रयत्न केला.

काकांच्या जागी दुसरा कोणी असता तर मान डोलावून कोऱ्या कागदांवर नुसती खोली छापून मोकळा झाला असता, आणि माझी सही कोणाच्या लक्षातही आली नसती. पण पासच्या कागदावर बाई होती. काकांनी टॉनिकची प्लेट मांडणीवरून खाली काढली. करडी शाई स्वतः घोटली, पातळ केली, पुन्हा पातळ केली, आणि सगळे कागद आणखी एकदा मशीनमधून काढले. एक पूर्ण दिवस जास्त लागला. मी दुसऱ्या दिवशी दुपारी उशीर का होतोय म्हणून विचारायला गेले, तेव्हा सगळी कव्हरं तयार होती. वीस हजार. प्रत्येकावर ती. मी काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि तेव्हा मला कळलं की मी काय केलंय.

चार दिवसांनी चीफ आले. मी सगळं त्यांना सांगितलं, रडून सांगितलं. त्यांनी कव्हर हातात घेतलं आणि फार वेळ बघत राहिले. इथे मी चीफना त्यांचं श्रेय देते, कारण ते खरं आहे. दुसरा कोणी असता तर त्याने वीस हजार कव्हरं फाडली असती. चीफ म्हणाले, “असू दे. हीच हवी होती.” आपण न काढलेलं चित्र आपलं आहे हे ओळखायलाही नजर लागते. ती त्यांना होती. मग ते मला म्हणाले, “तू गप्प बस. मी बघतो.”

मी गप्प बसले. त्यांनी बघितलं नाही.

कारण कारखान्याच्या व्यवस्थापकांनी कामाच्या कागदावर जास्तीची छपाई बघितली आणि काकांना बोलावलं. मी शेजारच्या टेबलाशी उभी होते, पिना निवडत. व्यवस्थापकांनी विचारलं, हे काय केलंत? काका म्हणाले, पासच्या कागदाप्रमाणे छापलं. व्यवस्थापक म्हणाले, असला कागद कोण शहाणा पास करेल, रद्दीचा कागद टांगून बसलात आणि वर मला शिकवता? काकांनी भिंग खिशात ठेवलं. मी पिना निवडत राहिले. निवडायला काही नव्हतं, सगळ्या सारख्याच होत्या.

काकांना लेखी ठपका मिळाला. निष्काळजीपणा. त्यांना छपाईच्या मशीनवरून काढून कापणीवर बसवलं. रंग जुळवणाऱ्या माणसाला कडा कापायला. तिथून ते निवृत्त झाले, चोवीस वर्षांनी.

त्याच वर्षी कव्हरला बक्षीस मिळालं. चीफनी मुलाखतीत स्वप्नाची गोष्ट सांगितली. मला वाटतं पहिल्यांदा ते सहज बोलून गेले असतील. मग ते सांगतच राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून मान डोलवत राहिले. एकदा मी धीर करून म्हटलं, आता तरी काकांचा ठपका काढायला सांगा. चीफ म्हणाले, तो काढायचा तर कारण लिहावं लागेल. बरोबरच होतं. ठपका खोटा ठरवला तर स्वप्न खोटं पडत होतं. मग कंपनीने दोन्ही कागद जपून ठेवले, बक्षीस काचेच्या कपाटात आणि ठपका लोखंडी.

अध्यक्ष महोदया, तुम्ही घड्याळ बघितलंत. मी आवरते. मलाही बसायचं आहे.

गेल्या महिन्यात ते स्वप्नाचं पान वाचलं आणि मी काकांचा पत्ता शोधून काढला. दोन खोल्या, तिसरा मजला. सूनबाईंनी दार उघडलं. कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, मामंजी तिथलं काही बोलत नाहीत. मग आत चहा टाकता टाकता हळूच सांगितलं, की त्यांचे यजमान लहान असताना शाळेत मोठ्या फुशारकीने सांगून आले होते, ते प्रसिद्ध कव्हर माझ्या बाबांनी छापलं. घरी आल्यावर काका त्यांना म्हणाले, पुन्हा कोणाला सांगू नकोस, ती माझ्या हातून झालेली चूक आहे. त्या घरात ती तबकडी कधी आली नाही.

आपण इथे तिच्यावर परिसंवाद घेत होतो. माझा नातू ती छातीवर छापलेला शर्ट घालून फिरतो. आणि ज्याच्या हाताने ती उतरली त्याच्या घरी तिचं नाव काढायची बंदी.

काका खुर्चीत बसले होते. मला ओळखलं. मी आल्या आल्या बोलून टाकलं, काका, चूक माझी होती, मी माफी मागायला आले. ते म्हणाले, चहा घ्या आधी. मग उठले, कपाटामागे हात घातला आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधलेला एक कागद काढला.

तो हा. मी मागून आणलाय. मागे दिसत नसेल, हरकत नाही. खोली, खुर्च्या, दार, बाई. खाली माझी सही आणि अकरा वीस. कॉन्व्हेंटचं वळण आहे, कोणीही ओळखेल.

एकोणपन्नास वर्षं हा कागद त्यांच्याकडे होता. हा दाखवला असता तर त्याच दिवशी नोकरी माझी गेली असती आणि मशीन त्यांच्याकडे राहिलं असतं. मी विचारलं, का नाही दाखवलात?

काका म्हणाले, “पासचा कागद मशीनवाल्याकडे राहतो. आणि तुम्ही नवीन होता.”

एवढंच. मी तिथून जिना उतरले तेव्हा माझ्यात राग नव्हता, काही नव्हतं, नुसता थकवा होता. पन्नास वर्षं मी कंपनीवर चिडले, चीफवर चिडले, भाच्यावर, टीकाकारांवर, दिसेल त्याच्यावर चिडले. घरचे म्हणतात, जीभ फार तिखट. एवढी तिखट जीभ, आणि पिना निवडताना एक वाक्य निघालं नाही.

वादकमहाशय, तुमची क्षमा मागायची आहे. तुम्ही मला एकदा सांगितलं होतं की कव्हर पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्हाला तुमची आई दिसली, आवाज कमी करा म्हणून दारात येऊन उभी राहायची ती. ती तुमचीच समजा. टॉनिक पाजणारी असली म्हणून काय झालं, आईच आहे.

आता माझं मागणं. दोनच गोष्टी, आणि मग मी खाली बसते. आतल्या पानावरचं स्वप्न काढा आणि झालं ते लिहा, माझ्या सहीसकट, काकांच्या पूर्ण नावासकट. आणि तो लोखंडी कपाटातला कागद बाहेर काढून, कारण लिहून, रद्द करा. संचालकसाहेब, तुम्ही मान हलवलीत. सगळ्यांनी बघितली.

आणि सहीचं. चीफ, हा नमुना तुम्ही पास करायचा नाही. मीही नाही. आपण दोघांनी पास केलेलं काय होतं ते बघून झालंय. मी बोलावलं म्हणून काका आले आहेत. पाचव्या रांगेत, सूनबाईंच्या शेजारी, खाकी सदरा. त्यांना वर बोलावणार नाही, पायऱ्या फार आहेत. नमुना खाली न्यायला हवा. चीफ, तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

मी थांबते. घाई नाही.

आभारी आहे, चीफ. नाही, सूनबाई, उठू नका, ते आणतायत. हो, असाच त्यांच्या मांडीवर ठेवा. मागच्यांनी जरा शांत बसावं. काकांनी भिंग काढलंय. तेच आहे, पितळी.

काका, तुमचाच प्रश्न विचारते. ही दारातली पण हवी?

सूनबाई, काय म्हणतायत? मोठ्याने सांगा, इथे ऐकू येत नाही.

ऐकलंत सगळ्यांनी? मागे पोचलं नसेल, मी सांगते. काका म्हणतायत, बाई हवी, पण फार उठून आली आहे. नव्या मशीनवर गडद केलीत. चमचा दिसतोय. शाई आणखी पातळ करून पुन्हा दाखवा, तोवर सही नाही.

कलाविभागाच्या मुली, लिहून घे. संचालकसाहेब, सोमवारी छपाई सुरू होत नाही. चीफ, तुम्ही खालीच बसलात ते बरं केलंत, तिथून चांगलं दिसतं.

अध्यक्ष महोदयांनी मला एवढा वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, रिक्षावाल्याने वेळेत पोचवलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कोणाला लागेल असं काही गेलं असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून द्या. माझी मोठी चूक तुमच्यापुढे मांडून झाली आहे, लहानसहान ज्या झाल्या असतील त्या पदरात घ्या. मी आता पाचव्या रांगेत जाऊन बसते. तिथे एक खुर्ची रिकामी आहे.